छोट्या गाडीतला मोठा माणूस

एक धिप्पाड माणूस संध्याकाळी ऑफिसातून घरी येतो. गाडी इतकी लहान की त्याच्या खांद्यांनीच ती भरून गेलीय. दारात उतरताना त्याचा पाय पोराच्या स्केटबोर्डवर पडतो. तोल सावरायला तो गाडीच्या टपाला धरतो, तर पत्र्यात बोटं रुततात. दार लावायला जातो, ते लागत नाही. जोरात आपटतो, काच फुटते. मग दिवसभराचा कोंडलेला राग उसळतो आणि तो अख्खी गाडी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो. आता फेकणार, एवढ्यात त्याचं लक्ष जातं. समोर तीनचाकी सायकलवर एक चिमुरडा बसलाय, तोंड उघडं टाकून. त्याच्या बबलगमचा फुगा फट्कन फुटतो. माणूस गाडी हळूच खाली ठेवतो आणि घरात जातो.

‘द इन्क्रेडिबल्स’मधला हा प्रसंग मिनिटभराचाही नसेल. चित्रपट मी किती वेळा पाहिला याचा हिशोब ठेवलेला नाही. पण आजही हा प्रसंग आला की हातातलं काम बाजूला पडतं.

पहिल्यांदा पाहिला तो सोलापूरला, आमच्या घरी, केबलवर आणि हिंदीत. हिंदीत त्याचं नाव ‘हम हैं लाजवाब’. बापाला, म्हणजे बॉबला, आवाज शाहरुख खानचा. आणि वाऱ्यासारखं धावणाऱ्या त्याच्या पोराला, डॅशला, शाहरुखच्याच मुलाचा, आर्यनचा. मी तेव्हा पुण्यात शिकत होते, दिवाळीला घरी आले होते. आई फराळाचे डबे भरत होती, आप्पा आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले होते. कार्टून लागलंय म्हटल्यावर त्यांनी मान वर करायचं काही कारण नव्हतं.

गोष्ट सुरू होते ती अतिमानवी शक्ती असलेल्या माणसांच्या वैभवाच्या काळात. बॉब म्हणजे ‘मिस्टर इन्क्रेडिबल’. तो एका उंच इमारतीवरून उडी मारणाऱ्या माणसाला हवेत झेलतो. त्या माणसाला वाचायचंच नव्हतं, म्हणून तो बॉबवर खटला भरतो. पाठोपाठ वाचवलेल्या आगगाडीतले जखमी प्रवासी कोर्टात जातात. खटल्यांची रांग लागते, सरकार हात वर करतं आणि या सगळ्या माणसांना आपापली शक्ती लपवून, साधं नाव घेऊन, साध्या वस्तीत राहावं लागतं. पंधरा वर्षांनी आपल्याला बॉब दिसतो तो एका विमा कंपनीच्या कोंदट खोपटात, शर्टाची कॉलर मानेत रुतलेली, समोर टेबलावर फाइली.

इथे आप्पांनी पेपर खाली ठेवला.

आप्पा विमा कंपनीत होते. क्लेम डिपार्टमेंटला. सोलापूरच्या पूर्व भागातले लूमवाले, किराणा दुकानदार, ट्रकवाले यांच्या फाइली त्यांच्या टेबलावरून जायच्या. कुणाच्या शेडला शॉर्टसर्किटने आग लागलेली, कुणाचा टेम्पो उलटलेला. वरून सूचना असायची की कागद पुरा नसेल तर फाइल परत. आणि कागद पुरा कसा करायचा हे त्या माणसाला कुणी सांगत नसे. आप्पा सांगायचे. ऑफिसात नाही जमलं तर घरी बोलावून. आमच्या ओट्यावर संध्याकाळी कोणी ना कोणी बसलेलं असायचंच. पंचनाम्याची नक्कल कुठून काढायची, सर्व्हेअर आला की आधी काय दाखवायचं, अर्जात कुठला शब्द घालायचा, हे आप्पा सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून द्यायचे. स्वतः सिगारेट ओढत नसत. पाकिटं पानवाल्याकडून आणून ठेवलेली असत, कोरा कागद वाया जाऊ नये म्हणून.

पडद्यावर एक म्हातारी बॉबसमोर रडत होती. तिचा क्लेम नाकारलेला. बॉबला साहेबांची सक्त ताकीद. तो इकडेतिकडे बघतो, पुढे वाकतो आणि हळू आवाजात सांगायला लागतो: तुम्हाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं की अमुक मजल्यावर अमुक बाईंना भेटा, अमुक फॉर्म भरा... म्हातारी भराभर लिहून घेते. मग तो मोठ्याने ‘माफ करा बाई, मी काही करू शकत नाही’ म्हणतो आणि कुजबुजत सुचवतो, जरा नाराज झाल्यासारखं दाखवा.

आप्पा काही बोलले नाहीत. आईने मात्र स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे बघितलं. त्यानंतर पूर्ण चित्रपटभर ते खुर्चीतून उठले नाहीत.

पुढे साहेब बॉबला केबिनमध्ये बोलावतो. ठेंगणा, किरकिऱ्या, टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावणारा साहेब. कंपनी म्हणजे एक मोठं घड्याळ आणि आपण सगळे त्यातली चाकं, असं तो समजावत असतो. बॉबची नजर खिडकीबाहेर जाते. खाली गल्लीत कुणालातरी मारहाण करून लुटणं चाललंय. तो जायला निघतो. साहेब धमकावतो, गेलास तर नोकरी गेली. आणि हा डोंगराएवढा माणूस दाराची मूठ सोडून परत येतो. मूठ चेपली गेलेली असते. खिडकीतून परत बघतो तोवर लुटारू निसटलेला. पुढे तो साहेबाचा गळा धरतो आणि त्याला भिंतींमधून आरपार फेकतो, तेव्हा मुलं टाळ्या पिटतात. मला आठवते ती चेपलेली मूठ. आज्ञा मानल्याची लाज त्या मुठीत आहे. मुलांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या चित्रपटात एका नोकरदाराची लाज इतक्या बारकाईने कुणी दाखवेल, असं मला तोवर वाटलं नव्हतं.

या चित्रपटाचा लेखक आणि दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. त्याला ही कल्पना 1993च्या सुमारास सुचली. तेव्हा तो चित्रपटसृष्टीत उभं राहायची धडपड करत होता, संसार मागे होता, आणि काम चांगलं करायचं तर घराकडे दुर्लक्ष होईल, घर सांभाळायचं तर काम हुकेल, या कात्रीत तो होता. 1999 साली त्याचा ‘द आयर्न जायंट’ आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला आणि तिकीटबारीवर आपटला. मग जुना सहाध्यायी जॉन लॅसेटर याच्या ओळखीने तो पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत गेला. पिक्सारच्या आधीच्या पाचही चित्रपटांचे दिग्दर्शक घरचेच होते. बर्ड हा बाहेरून आलेला पहिला. तिथे गेल्यावर त्याने माणसं मागितली तीही वेगळीच: ज्यांचं इथे कुणी ऐकत नाही, जे वैतागून नोकरी सोडायच्या बेतात आहेत, ते मला द्या. बळ अंगात असून टेबलाशी जखडलेल्या माणसाची गोष्ट अशा माणसांनी बनवलीय, हे कळलं तेव्हा बॉबची ती चेपलेली मूठ मला आणखी कळली.

आणि त्या माणसांपुढे काम होतं ते जवळपास अशक्य कोटीतलं. पिक्सारने तोवर खेळणी, किडे, राक्षस, मासे केले होते. माणसं होती ती कडेकडेने. या चित्रपटात सगळीच पात्रं माणसं. कातडी, स्नायू, कपड्याची चुणी, ओला कपडा, वाऱ्यातला कपडा, सगळं नव्याने शिकायचं. त्यात सर्वांत छळलं ते थोरल्या मुलीच्या केसांनी. व्हायोलेट चौदा-पंधरा वर्षांची, लाजरी, चेहऱ्याचा निम्मा भाग कायम लांब केसांआड. लांब, मोकळे, हलणारे केस संगणकावर करणं तेव्हा इतकं अवघड होतं की काम बरंच पुढे गेलं तरी ते जमलेले नव्हते. पण केस आखूड करून चालणार नव्हतं, कारण व्हायोलेट म्हणजेच तो पडदा. अदृश्य व्हायची शक्ती असलेली मुलगी शक्ती न वापरताही अदृश्य होऊ बघते, ती त्या केसांच्या जोरावर. शेवटाकडे ती केस मागे सारून हेअरबँड लावते आणि शाळेतला आवडता मुलगा तिच्याशी बोलायला येतो. माझ्या मुलीने मागच्या वर्षी हे दृश्य बघताना नकळत आपली बट कानामागे सारली. मी बघितलं, बोलले नाही.

शक्तींची ही वाटणी बर्डने विचार करून केलीय आणि त्याने ती अनेकदा उलगडून सांगितलीय. बापाने घरात बळकट असावं अशी अपेक्षा, म्हणून बॉबला ताकद. आई चहूकडून ओढली जाते, म्हणून हेलनचं अंग रबरासारखं ताणतं. वयात येणाऱ्या मुलीला लपावंसं वाटतं आणि स्वतःभोवती भिंत घालावीशी वाटते, म्हणून अदृश्य होणं आणि अभेद्य कवच. दहा वर्षांच्या मुलाचा पाय जमिनीवर ठरत नाही, म्हणून वेग. आणि तान्ह्या जॅक-जॅकमध्ये काय दडलंय ते अजून कुणालाच माहीत नाही. शक्ती आकाशातून पडलेल्या नाहीत, घरातल्या जागांमधून उगवल्या आहेत. आडनाव पार. इंग्रजीत उच्चारलं की त्यात ‘सरासरी’ हा अर्थ ऐकू येतो.

जेवणाच्या टेबलाचा प्रसंग बघा. शाळेतून डॅशची तक्रार आलीय, व्हायोलेट तोंड पाडून बसलीय, बाळ भरवायचंय, बाप पेपरात. भावाबहिणीची जुंपते. एक टेबलाभोवती पळतोय, दुसरी गायब होऊन चिमटे काढतेय, आणि हेलन दोन्ही हात लांबवून दोघांना दोन टोकांना धरून ठेवतेय, तिची कंबर ताणलेली, आवाज चढलेला. ती नवऱ्याला हाक मारते की काहीतरी कर. बॉबला नेमकं काय करायचं ते सुचत नाही, म्हणून तो अख्खं टेबल, त्याला लटकलेल्या बायकामुलांसकट, उचलून धरतो. आणि दारावरची बेल वाजते. एका क्षणात सगळे आपापल्या खुर्चीत, ताटात जेवण, सभ्य कुटुंब. आपल्याकडे पाहुणे आले की घराघरांत घडतं तेच.

विशीत मी बॉबची गोष्ट म्हणून हा चित्रपट बघत होते. चाळिशीत हेलनची म्हणून बघते.

हेलन रात्री अंधारात खुर्चीत बसून नवऱ्याची वाट बघते तो प्रसंग माझ्या दृष्टीने चित्रपटाचा कणा आहे. बॉब आणि त्याचा मित्र लुशियस बोलिंगला जातो सांगून गाडीत पोलिसांचा रेडिओ ऐकत बसतात आणि कुठे आग लागली की चोरून माणसं वाचवतात. त्या रात्री बॉब केकचा तुकडा उचलून दबक्या पावलांनी घरात येतो तर दिवा लागतो. हेलनला त्याच्या कोटावर सिमेंटचा चुरा दिसतो. भांडण पेटतं. जुने दिवस आठवले तर काय बिघडलं, निदान ते घडलेच नाहीत असं तर मी वागत नाही, असं तो म्हणतो. ती म्हणते, घडले ना ते दिवस. पण आत्ता जे घडतंय ते म्हणजे हे घर, बॉब, आणि ते तुझ्या नजरेतून निसटतंय.

आमच्या दिवाणखान्यात शोकेस होतं. त्यात आप्पांचे कप. ते कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यात. घोट्याला अशी झडप घालायचे की चढाई करणाऱ्याला मध्यरेषा दिसायची नाही, असं त्यांचे मित्र सांगायचे. डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. नोकरी लागली, लग्न झालं, गुडघा गेला, खेळ सुटला. पण रात्रीचे सामने लागले की भाजी आणायला बाहेर पडलेले आप्पा पिशवी हातात घेऊन मैदानाच्या दोरीपाशी उभे राहायचे. दहा-दहाला घरी यायचे. आई ओट्यावर बसलेली. तिने कधी भांडण केलं नाही, पण ते कप ती पुसायचीही नाही. धूळ आप्पाच पुसत. त्या दिवाळीत टीव्हीवर हेलनचं ते वाक्य आलं, तेव्हा आईचा डब्यात चकल्या रचणारा हात थांबला होता. दोघांपैकी कुणी कुणाकडे बघितलं नाही.

बॉबची नोकरी जाते. एक गूढ बाई त्याला एका बेटावर काम देते, आणि तो घरी न सांगता जायला लागतो. व्यायाम करतो, पोट आत जातं, बायकोशी लाडाने वागतो. नवरा अचानक आनंदी का झाला या शंकेने हेलन पोखरली जाते. कोटावर सापडलेला परक्या बाईचा केस, कॉटवरून उचललेला फोन. इथे तिला सावरते एडना. कमरेएवढी उंची, जाड भिंगांचा चष्मा, जगभरच्या वीरांचे पोशाख शिवणारी. तिला आवाज खुद्द ब्रॅड बर्डचाच आहे. पाठीवर झूल नको, हा तिचा हट्ट. कोणाची झूल विमानाच्या यंत्रात अडकली, कोणाची लिफ्टमध्ये, याची यादी तिच्या जिभेवर. मुलं या यादीला खिदळतात. पण एडनाचं खरं काम वेगळंच आहे. सोफ्यावर कोसळून रडणाऱ्या हेलनला ती गुंडाळलेल्या कागदाने फटके मारत उभी करते. तू कोण आहेस ते आठव, जा, तो कोण आहे ते तुला आठवतंय हे त्याला दाखव, आणि तू कोण आहेस याची त्याला आठवण करून दे. सांत्वनाचा एक शब्द नाही. अशी एखादी आत्या किंवा मावशी प्रत्येक घराण्यात लागते.

मग विमान. हेलन स्वतः जेट चालवत नवऱ्याला शोधायला निघते आणि मुलं चोरून आत शिरलेली असतात. आधीच्या आराखड्यात विमान चालवायला स्नग नावाचा तिचा जुना मित्र होता आणि तो या हल्ल्यात मरणार होता. बर्डने तो काढला आणि हँडल हेलनच्या हाती दिलं. किती योग्य केलं! हेलनला आवाज दिलेल्या हॉली हंटरने वैमानिकांची रेडिओवरची भाषा नीट शिकून घेतली होती, ते तिच्या बोलण्यात ऐकू येतं. ती विमानाची जी खूण सांगते, इंडिया गोल्फ नाइन नाइन, त्यात बर्डने आपल्या पडलेल्या ‘आयर्न जायंट’ची आद्याक्षरं आणि साल लपवलंय. बेटावरून क्षेपणास्त्रं सुटतात. हेलन रेडिओवर ओरडत राहते, विमानात मुलं आहेत, विमानात मुलं आहेत. आणि मागे वळून व्हायोलेटला सांगते, विमानाभोवती कवच टाक. आजवर ‘शक्ती वापरायची नाही’ असं जिला बजावलं, त्या मुलीला. व्हायोलेटच्या हातातून जांभळी ठिणगी उडते आणि विझते. होत नाही तिच्याने. हेलन स्वतःचं अंग मुलांभोवती गुंडाळते आणि विमान फुटतं.

समुद्रातून बेटावर पोचल्यावर, रात्री गुहेत, शेकोटीच्या उजेडात हेलन मुलांना मुखवटे देते. टीव्हीवरचे दुष्ट बघता ना तुम्ही, हे तसे नाहीत, संधी मिळाली तर हे तुम्हाला मारतील, ती संधी देऊ नका. आवाज खाली, शब्द मोजके. ती निघते तेव्हा व्हायोलेट मागून येते आणि विमानात जमलं नाही म्हणून माफी मागायला लागते. हेलन तिला थांबवते. तुझी चूक नव्हती. अचानक तुझ्याकडे एवढं मागणं माझंच बरोबर नव्हतं.

आईने मुलीची माफी मागितलेली मी पडद्यावर फार पाहिलेली नाही. संकट डोक्यावर असताना, नवरा शत्रूच्या तावडीत असताना, ती एक मिनिट थांबून हिशोब सरळ करते. आणि लगेच पुढचं सांगते, आता वेळ वेगळी आहे, आता शंका घेणं परवडणार नाही, वेळ येईल तेव्हा तुला कळेल काय करायचं, ते तुझ्या रक्तातच आहे. दिलासाही तिथेच, जबाबदारीही तिथेच.

दोन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये पडली. आप्पांचा फोन आला तेव्हा नवरा परगावी होता. मी मुलीला, तेव्हा दहा वर्षांची, धाकट्या भावाजवळ ठेवलं, शेजारच्या काकूंना सांगितलं आणि सोलापूरची एसटी पकडली. रात्री धाकट्याला ताप भरला. मुलीने काकूंचं दार वाजवलं नाही, मला फोन केला नाही, नुसती त्याच्या उशाशी बसून राहिली. सकाळी कळलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून तिच्यावर ओरडले, एवढंही सुचत नाही का तुला. ती काही बोलली नाही. आई घरी आली, सगळं मार्गी लागलं, ते शब्द मात्र आमच्या दोघींमध्ये तसेच राहिले. महिन्याभराने आम्ही हा चित्रपट पुन्हा लावला. गुहेचा प्रसंग आला आणि मी रिमोट घेऊन चित्र थांबवलं. त्या रात्री तुझ्यावर एकदम एवढं टाकायला नको होतं गं मी, म्हटलं. ती म्हणाली, मी घाबरले होते, काकू झोपल्या असतील असं वाटलं. मग म्हणाली, लाव ना पुढे, आता डॅश पाण्यावर पळणार आहे.

हो, तो पळतोच. मारेकरी उडत्या चकत्यांवर बसून मागे लागलेत, जंगल संपतं, समोर समुद्र. डॅश डोळे मिटतो, आणि उघडतो तेव्हा पाय पाण्यावर. तो खाली बघतो, खुदकन हसतो आणि सुसाट सुटतो. आयुष्यभर ‘हळू’ ऐकलेल्या पोराला आपला वेग पहिल्यांदा पूर्ण कळतो तो क्षण. इंग्रजीत डॅशचा आवाज असलेल्या स्पेन्सर फॉक्सला धाप लागलेली खरी वाटावी म्हणून बर्डने स्टुडिओत पळवलं होतं. मागे संगीतकार मायकल जियाकिनोची पितळी वाद्यं, साठच्या दशकातल्या हेरपटांची आठवण करून देणारी. मोठ्या चित्रपटाला संगीत द्यायची त्याची ही पहिलीच वेळ.

खलनायकाबद्दल माझं मन अजून पुरतं ठरलेलं नाही. सिंड्रोम म्हणजे एकेकाळचा बडी, बॉबच्या मागे लागलेला हुशार पोरगा, ज्याला बॉबने ‘मी एकटाच काम करतो’ म्हणून झिडकारलं. तो मोठा होऊन खऱ्या वीरांना एकेक करून मारतो आणि आपली यंत्रं विकून सगळ्यांनाच वीर करायचं ठरवतो. सगळेच खास झाले की कुणीच खास उरणार नाही, हा त्याचा बेत. तेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत चित्रपटाच्या सुरुवातीला डॅशच्याही तोंडी आहे. जन्मजात गुण असलेल्यांना इतरांसाठी दाबू नये, असं काहीसं चित्रपट सुचवतो आणि ते मला टोचतं. लूम चालवणाऱ्या माणसाच्या पोराला यंत्राने पंख मिळाले तर त्यात वाईट काय? पण झिडकारण्याचं पाप बॉबच्या माथी आहे हे चित्रपट लपवत नाही, याचीही नोंद घ्यायला हवी. सिंड्रोमच्या त्या गूढ बाईचं, मिराजचंही तसंच. बॉब संतापाने तिला आवळतो, सहज चिरडू शकतो, आणि सोडून देतो. नंतर तीच मालकाला सुनावते की दुसऱ्याच्या जिवाची किंमत असणं म्हणजे दुबळेपणा नव्हे.

‘मी एकटाच’ हे बॉबचं जुनं पालुपद शेवटच्या लढाईपर्यंत सुटत नाही. सिंड्रोमचा यंत्रराक्षस शहरात उतरलाय आणि हा बायकोमुलांना सांगतो, तुम्ही इथेच थांबा. हेलन चिडते, ताकद दाखवायचीय का तुला? तेव्हा त्याच्या तोंडून निघतं, मी तुम्हाला परत गमावू शकत नाही, तेवढी ताकद माझ्यात नाही. डोंगर उचलणारा माणूस हे बोलतो, आणि बोलल्यावरच कुटुंब लढाईला उतरतं. व्हायोलेट कवच टाकते, डॅश त्या यंत्राचा रिमोट पळवतो, लुशियस बर्फ पसरतो, हेलन हात लांबवते, रिमोट एकाकडून दुसऱ्याकडे.

त्या दिवाळीत इथे आप्पा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “आता धरली साखळी.”

कबड्डीत बचाव करणारे हातात हात गुंफतात ती साखळी. त्या रात्री जेवताना आप्पांनी आम्हाला त्यांच्या शेवटच्या सामन्याची गोष्ट सांगितली, जी आम्ही कधी ऐकली नव्हती. शेजाऱ्याचा हात सोडून, साथ यायच्या आधीच त्यांनी घोट्याला झेप घेतली होती. चढाईवाला त्यांना ओढत रेषेपार गेला, गुडघा तिथेच गेला. “हात सोडला मी,” एवढंच म्हणाले. आईने त्यांच्या ताटात आणखी एक चकली वाढली.

चित्रपटाला 2005 साली दोन ऑस्कर मिळाली, सर्वोत्तम ॲनिमेशनपट म्हणून एक आणि ध्वनिसंपादनाचं एक. दुसरा भाग आला तो 2018 साली, चौदा वर्षांनी. गोष्ट पहिला भाग संपतो तिथूनच, त्याच क्षणापासून सुरू होते. त्या मुलांच्या वयात एका दिवसाची भर पडलेली नव्हती आणि माझ्या मांडीवर माझी मुलगी होती. त्यात हेलन कामावर जाते आणि बॉब घरी राहून पोराच्या गणिताशी झुंजतो. आवडला मला. पण गुहेतल्या त्या एका मिनिटाच्या तोडीचं त्यात मला काही सापडलं नाही.

या उन्हाळ्यात आप्पा-आई पुण्याला आले होते. आप्पा आता चौऱ्याहत्तरचे. मुलांनी आजोबांना घेऊन पुन्हा तोच चित्रपट लावला, यावेळी इंग्रजीत. आप्पांना शब्द अर्धे कळत होते, पण गोष्ट पाठ. तो सायकलवरचा पोरगा मध्ये पुन्हा एकदा येतो. नोकरी गेलेला बॉब गाडीतून उतरतो तर पोरगा दारात हजर. कशाची वाट बघतोयस, बॉब विचारतो. पोरगा म्हणतो, माहीत नाही, काहीतरी भारी घडेल म्हणून.

मीही बसायचे तशी, सोलापूरच्या घराच्या ओट्यावर, आप्पांची स्कूटर वळणावर दिसेपर्यंत. एकदा आमच्या गल्लीत हातगाडी गटारात कलंडली होती आणि फळवाल्याचा पाय तिच्याखाली. आप्पांनी स्कूटर स्टँडवर लावली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि ती भरलेली गाडी एका बाजूने उचलून धरली, त्याने पाय काढून घेईपर्यंत. मग हात झटकून स्कूटरची डबापिशवी काढली आणि मला म्हणाले, चल, आत चल. मी सात वर्षांची असेन.

शेवटी सिंड्रोमचं विमान पार कुटुंबाच्या घरावर कोसळतं, सगळीकडे आगीचा लोळ, आणि त्याच्या मधोमध व्हायोलेटच्या कवचात सगळं कुटुंब सुखरूप. रस्त्यावर सायकलवरचा तो पोरगा. त्याचा चेहरा उजळतो आणि तो आनंदाने ओरडतो.

आप्पा पुढे सरकून बसले. “बघ,” ते माझ्या मुलाला म्हणाले, “दिसलं त्याला शेवटी.”